फिल्म स्टडीजचं एम.ए. करणार असाल, तर आधी चित्रपटाची कॉपी तपासा

साताऱ्यातून फिल्म स्टडीजच्या एम.ए.ला जाऊ का, असं विचारणारं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात भेटतं. प्रवेश परीक्षा, फी, हॉस्टेल हे सगळं तुम्ही आधीच शोधलेलं असतं, त्यामुळे त्यात जात नाही. एवढंच सांगते की या एम.ए.त कॅमेरा हातात येत नाही. तो हवा असेल तर पुण्याचं एफटीआयआय आहे, तो रस्ता वेगळा आणि त्याचा खर्चही वेगळा. कोलकात्यात जादवपूरला, हैदराबादच्या इफ्लू या भाषांच्या विद्यापीठात, दिल्लीच्या जेएनयूत जाल ते बघायला, वाचायला आणि लिहायला. घरच्यांना हे पटवत बसू नका. आमचे तात्या अजूनही विचारतात, "पिक्चर कधी काढतीस गं?" मी चहा ठेवायला उठते.

इंग्रजीची भीती सगळ्यांना असते, मलाही होती. पहिल्या सहामाहीत वर्गात तोंड उघडलं नाही म्हणून कुणी नापास होत नाही. मी चित्रपट बघताना टिपणं मराठीत काढायचे: शॉट कुठून घेतलाय, किती वेळ टिकतो, कोण कुठे उभं आहे, आवाज कुठून येतो. इंग्रजी नंतर. उलट ज्यांचं इंग्रजी फाकडू होतं, ते थेट सिद्धांतावर उडी मारायचे आणि पडद्यावर काय आहे ते बघायचं राहून जायचं. बघायची सवय लागली की भाषा मागून येते, खरंच येते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते. तुम्ही जो चित्रपट बघताय, तो तोच चित्रपट आहे का?

माझं पहिलं मोठं टिपण १९३०च्या दशकातल्या एका मराठी बोलपटावर होतं. नेटवर सापडलेली कॉपी मी लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा पाहिली. माणसांची डोकी वरच्या कडेला टेकलेली, पाय कापलेले, सगळं कसं दाटीवाटीचं. मग काय, घरात कोंडलेला माणूस, परंपरेचं ओझं, चौकटीतून दिसणारी घुसमट अशी पानंच्या पानं भरली. सरांनी समासात एकच प्रश्न लिहिला होता: "प्रिंट कुठली?" म्हणजे चित्रपटाची कुठली प्रत पाहिलीस. ती डोकी दिग्दर्शकानं कापलेली नव्हती. ज्यानं कुणी तो चित्रपट अपलोड केला, त्यानं आजच्या टीव्हीचा पडदा भरावा म्हणून वरून-खालून कात्री लावली होती.

हे नीट समजून घ्या, कारण वर्गात कुणी सांगत नाही. बोलपट स्थिरावल्यानंतरची जुनी चौकट जवळपास चौरस असते, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा टीव्ही आणि लॅपटॉप १.७८ पटीचे. जुनी चौकट रुंदीला पुरती बसवून पडदा भरायचा, तर उंचीतला जवळजवळ पाव भाग जातो. कापायचं नसेल तर लोक ताणतात, मग सगळी माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. भारतीय चित्रपटात सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याची पद्धत, आला तो १९५९च्या 'कागज के फूल'पासून. त्यामुळे त्याआधीचा चित्रपट दोन्ही बाजूंना काळी पट्टी न सोडता पडदा भरून दिसत असेल, तर बहुधा कुणीतरी हात मारलेला आहे. श्रेयनामावलीतली अक्षरं कडेला तुटतात का बघा. समोरून दिसणारं बैलगाडीचं चाक किंवा देवाजवळचं ताट अंड्यासारखं दिसत असेल, तर कॉपी ताणलेली आहे.

लांबीचंही तसंच. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ फ्रेम्सनी, चालतो, आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची आणि डीव्हीडीची पद्धत २५ची. तशी कॉपी असेल तर दोन तासांचा चित्रपट पावणेपाच मिनिटं आधीच संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. गायकीवर लिहिणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. मूकपटात गोंधळ आणखी मोठा, कारण ते बरेचदा सेकंदाला १६-१८ चौकटींनी चित्रित व्हायचे. २४नं चालवले की सगळी माणसं तुरूतुरू पळतात आणि आपण लिहितो, काय ही हालचालींची शैली!

यावर एक साधा हिशेब आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर रिळांची संख्या आणि लांबी असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर. लांबी ३,३०० मीटर असेल तर चित्रपट दोन तासांचा. तुमची कॉपी ११५ मिनिटांची असेल तर वेगाचा फरक समजा. पण ती शंभरच मिनिटांत आटोपली, तर गाणी किंवा अख्खे प्रसंग गेलेत. जुनं प्रमाणपत्र कॉपीत नसलं, किंवा ते पुनर्प्रदर्शनाचं असलं, तर त्या काळच्या गाण्यांच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. पुस्तिकेत सात गाणी आणि तुमच्याकडे पाचच असतील, तर गाण्यांच्या जागांवर लिहायचं थांबा.

घाबरून जाऊ नका. कापलेल्या कॉपीवरही कथा, संवाद, अभिनय यांबद्दल लिहिता येतं. चौकट, संकलनाचा वेग आणि आवाज यांबद्दल मात्र प्रिंट माहीत असल्याशिवाय एक ओळही नको. आणि कॉपी कुठली पाहिली, तिची लांबी किती, हे टिपणाच्या पहिल्याच पानावर लिहा. परीक्षक तेवढ्यानं खूश होतात, हे माझं निरीक्षण.

विषय निवडताना हीच गोष्ट आडवी येते. कोल्हापूर जवळ म्हणून तिथले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या मूकपटांवर प्रबंध करू म्हणणारे भेटतात. विषय सोन्यासारखा, पण चित्रपट कुठे आहेत? भारतीय मूकपटांपैकी बहुतेक आज उरलेलेच नाहीत. तिथं चित्रपटाचं विश्लेषण सोडून जाहिराती, परीक्षणं आणि ब्रिटिश सरकारनं चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या १९२७-२८च्या सिनेमॅटोग्राफ समितीसमोरच्या साक्षी यांच्याकडे वळावं लागतं. त्या साक्षी छापलेल्या आहेत आणि वाचायला मजाही येते. नाहीतर आपल्याच जिल्ह्याकडे बघा. वाई-मेणवलीच्या घाटावर हिंदी सिनेमानं उत्तरेतली गावं उभी केली, जत्रांमध्ये तंबूतले टॉकीज चालले. शूटिंग पाहिलेले, तंबूत पिक्चर पाहिलेले लोक तुमच्या गल्लीत आहेत. दिल्लीच्या मुलांना हे मिळणार नाही.

गाइड निवडताना माझं मत एकांगी आहे, तरी सांगते. परिषदांत फिरणारं मोठं नाव घेऊ नका. पानं वाचून, खुणा करून परत देणारा माणूस घ्या, मग त्याला बाहेर कुणी ओळखत नसलं तरी चालेल. माझ्या आधीच्या मार्गदर्शकांचं नाव मोठं होतं, माझ्या कागदांना मात्र त्यांच्या टेबलावरून हलायला महिने लागायचे. आणि ते दहा मिनिटांत चित्रपट उलगडून सांगणारे व्हिडिओ निदान पहिला मसुदा होईपर्यंत बंद ठेवा. एकदा त्यांचं म्हणणं डोक्यात बसलं की पुढचे सगळे शॉट त्यांच्याच डोळ्यांनी दिसतात.

नोकरीचं गोड बोलून सांगत नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेच्या यादीत फिल्म स्टडीज असा वेगळा विषय नाही, बरेच जण जनसंवाद आणि पत्रकारिता घेऊन बसतात. कॉलेजात बहुतेकदा सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास मिळतात आणि त्याचे पैसे केव्हा येतील ते विचारू नये. सबटायटलिंग, महोत्सवांचं काम, संग्रहालयातली नोंदणी यावर माझ्या वर्गातले बरेच जण तगून आहेत. मीसुद्धा. श्रीमंत कुणी झालेलं नाही, पण वर्गातलं कुणी हे सोडून परतही गेलेलं नाही.

साताऱ्याच्या मुलांना एक फायदा आहे, तो वापरा. १९६४ला सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. सकाळची स्वारगेट विनाथांबा पकडली, खंबाटकीत अडकला नाहीत, तर दिवसाचं काम करून रात्री घरी जेवायला येता येतं. पण तसंच उठून जाऊ नका. कुठला चित्रपट, कशासाठी, हे लिहिलेलं पत्र विभागाच्या लेटरहेडवर गाइडच्या सहीनं आधी पाठवा. प्रिंट बघण्याच्या स्थितीत आहे का आणि फी किती, हे विचारून घ्या. ते पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी सही करून घ्या, कारण सुट्टी लागली की गाइड फोन उचलत नाहीत.