फरशीचा गारवा अडवण्याचा बिनखर्ची उपाय

निफाड-नाशिक पट्ट्यात काही वर्षी पहाटेचे तापमान 5 अंशांच्याही खाली उतरते आणि शहाबादी फरशीच्या घरात जमिनीवर झोपणाऱ्यांना दोन पांघरुणे घेऊनही खालून गारवा लागतो. हीटर घेण्याआधी पुढील उपाय करून पाहावा.

अंथरुणाच्या जागी प्रथम रद्दी वर्तमानपत्रांचे आठ-दहा पदर एकावर एक पसरावेत, त्यांवर धुऊन कडक उन्हात वाळवलेले गोणपाट व सतरंजी घालावी आणि मगच गोधडी अंथरावी. पांघरुणाचे वजन वाढवण्यापेक्षा खालचे हे थर अधिक ऊब देतात. कागद ओल धरतात, म्हणून ते दर आठवड्याला बदलावेत. दुपारी दक्षिणेकडच्या खिडक्यांतून ऊन आत घ्यावे, मात्र सूर्य मावळण्यापूर्वीच त्या लावून जाड पडदे ओढावेत (बहुतेक घरांत याच कामाला उशीर होतो आणि दिवसभराची ऊब निघून जाते). दाराखालच्या फटीत जुन्या सुती साडीची घट्ट गुंडाळी ठेवावी.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नये, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.