क्लेरिक घेऊन बसायच्या आधी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्र घेऊन खेळायच्या खेळात क्लेरिक म्हणजे देवाकडून स्पेल (मंत्र) मिळवणारा पुजारी. फासे, पेन्सिल, खोडरबर यांचं सांगायला नको. खेळाची आवृत्ती कोणती, एवढं मात्र डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, आधी विचारून घ्या. २०१४ची पाचवी असेल तर अलाइनमेंटपायी, म्हणजे पात्राच्या नैतिक बाजूपायी, क्लेरिकचं एकही स्पेल अडत नाही, पुढचं वाचू नका. आमच्या गावात २००३ची साडेतीन चालते. तिचे मूळ नियम फुकट मिळतात, तालुक्याला गेलं की झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणायचे.

आधी देव, मग अलाइनमेंट. अलाइनमेंटचे दोन भाग: लॉफुल (शिस्तीचा), न्यूट्रल (मधला) की केऑटिक (मनमानी), आणि गुड, न्यूट्रल की इव्हिल. तुमच्या आणि देवाच्या अलाइनमेंटमध्ये एका पायरीहून जास्त अंतर नको. ट्रू न्यूट्रल (दोन्हीकडे मधला) व्हायचं तर देवही ट्रू न्यूट्रलच लागतो. आणि बंदी दोन्हीकडून येते: तुमच्या विरुद्ध असलेलं स्पेलही नाही, देवाच्या विरुद्ध असलेलंही नाही. हायरोनियस हा देव लॉफुल गुड. त्याचा क्लेरिक न्यूट्रल गुड असला, तरी केऑटिक स्पेल त्याला बंदच.

आता प्रिंट घ्या आणि लाल पेन. स्पेलच्या नावाखाली स्कूल (स्पेलचा प्रकार) असतं, त्याला लागून चौकटी कंसात गुड, इव्हिल, लॉफुल किंवा केऑटिक असं लिहिलेलं असतं. स्पेल काय करतं यावर जाऊ नका, कंस वाचा. डेथवॉच बिचारं कोण मरायला टेकलंय एवढंच दाखवतं, तरी इव्हिल. डिटेक्ट इव्हिलच्या कंसात यातलं काहीच नाही, ते कोणीही वापरावं. जे चालत नाही ते खोडा.

लढायला प्राणी बोलावणारं समन मॉन्स्टर खोडू नका, पण तिथे थांबा. त्याच्या कंसात ‘मजकूर पाहा’ एवढंच आहे, आणि तो मजकूर कोणी पाहत नाही. मीही पाहिला नव्हता. बोलावलेला प्राणी ज्या अलाइनमेंटचा, स्पेल त्या अलाइनमेंटचं. फिएंडिश (नरकातला) साप गुडवाल्याला मिळणार नाही हे कोणालाही कळतं. फसवतात ते सेलेस्टियल, म्हणजे स्वर्गातले प्राणी. पहिल्या यादीत कुत्रा आणि घुबड लॉफुल गुड आहेत, बॅजर आणि माकड केऑटिक गुड. म्हणजे लॉफुल गुड क्लेरिकला माकड नाही! मी भर लढाईत बोलावलं. लाइट गेलेली, डीएमने मोबाइलच्या उजेडात यादीवर बोट ठेवलं, "भाऊ, हे माकड तुमच्या देवाले चालत नाही." त्या स्पेलचा स्लॉट (जागा) गेला तो गेलाच. म्हणून प्रत्येक प्राण्यापुढे त्याचं अलाइनमेंट घरूनच लिहून न्या. दुसऱ्या यादीचंही, तिसऱ्याचंही. नुसतं ‘सेलेस्टियल’ वाचून हो म्हणू नका. अलाइन वेपनलाही असाच मजकूर आहे, शस्त्राला जे अलाइनमेंट द्याल तेच स्पेलचं.

डोमेन म्हणजे देवाच्या एकेका क्षेत्राची स्पेलांची यादी, क्लेरिकला अशा दोन. ते निवडताना नऊच्या नऊ स्पेलं वाचा. वी जॅस ही देवी लॉफुल न्यूट्रल, तिचा क्लेरिक लॉफुल गुड असू शकतो. त्याने हौसेने डेथ डोमेन घेतलं की दुसऱ्या लेव्हलचं डेथ नेल आणि तिसऱ्याचं अ‍ॅनिमेट डेड, दोन्ही इव्हिल. डोमेनच्या स्पेलांना सवलत नाही. मग अशा लेव्हलांना दुसऱ्या डोमेनवरच भागवा.

तयार स्पेल सोडून ऐनवेळी क्युअर (जखम भरणारं स्पेल) घेणं गुडवाल्याचं, इन्फ्लिक्ट (जखम करणारं) इव्हिलवाल्याचं. तुम्ही आणि देव दोघंही ना गुड ना इव्हिल, तर सुरुवातीलाच एक निवडा. ते परत बदलत नाही, आणि टर्न अनडेड (भुताखेतांना पळवणं) की रिब्यूक (त्यांना दबवणं) हेही त्यावरच ठरतं. डोमेनचं स्पेल असं बदलता येत नाही. समन मॉन्स्टर तयार केलं असेल आणि प्राणी जुळत नसेल तर त्याचं क्युअर करून घ्या, तेवढं तरी वसूल होईल. पण आधी प्राण्याचं अलाइनमेंट पाहा, म्हणजे ही वेळच येणार नाही.

देवाविरुद्ध फारच वागलात तर सगळी स्पेलं जातात. मग अटोनमेंट हे प्रायश्चित्ताचं स्पेल लागतं, ते पाचव्या लेव्हलचं, म्हणजे नवव्या लेव्हलचा क्लेरिक शोधत फिरा.

मोबाइल चार्ज. पाणी. चिवडा. प्राण्यांच्या यादीचा कागद पिशवीत नको, समोर ठेवा.