गोल नळीवर हवेचा झोत: मांडणी आणि मोजणी

हवेचा झोत गोल पृष्ठभागाला चिकटून वळतो, याला कोआंडा परिणाम म्हणतात; तो पाहायची आणि मोजायची ही मांडणी. 110 मिमी व्यासाची गुळगुळीत पीव्हीसी नळी टेबलावर उभी रोवा. चपट्या तोंडाचा हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून त्याची फट नळीला स्पर्शिकेत आणा, फटही उभीच. फटीची आतली कड नळीला टेकलीच पाहिजे. उरलेली चीर चिकटपट्टीने बुजवा, नाहीतर तिथूनच हवा आत शिरते आणि झोत लवकर सुटतो.

झोत सुटतो म्हणजे काय, हे आधी समजून घेतलं तर पुढची मांडणी सोपी जाते. प्रक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी घुसळलेला झोत कडेच्या भोवऱ्यांनी आजूबाजूची हवा सतत ओढून घेतो. बाहेरच्या बाजूला हवेचा तुटवडा नाही. नळीच्या बाजूला मात्र ती येणार कुठून? तिथला दाब उतरतो, बाहेरचा दाब झोताला नळीकडे रेटतो आणि झोत वळतो. थॉमस यंगने 1800 सालीच झोताकडे ओढल्या जाणाऱ्या मेणबत्तीच्या ज्योतीवरून या बाजूच्या दाबाबद्दल लिहिलं होतं. नाव मात्र पडलं रुमानियाच्या आंरी कोआंडाचं. त्याने 1930 च्या दशकात यावर पेटंटं घेतली.

म्हणूनच नळीच्या दोन्ही अंगांना, फटीच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी, पुठ्ठ्याच्या चकत्या बसवा. नळीच्या बाहेर त्या निदान 5–6 सेंमी आल्या पाहिजेत. हेअर ड्रायरची फट आखूड असते. चकत्या नसल्या तर टोकांकडून हवा आत येते, कमी दाबाची जागा भरून निघते आणि झोत अर्ध्या वाटेवरच नळी सोडतो. माझ्या मते या प्रयोगात सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं.

आता दोरे. बारीक सुती दोऱ्याचे दीड सेंमीचे तुकडे दर 20 अंशांवर, म्हणजे या नळीवर साधारण 19 मिमीवर एक, असे टोकाला इवलीशी चिकटपट्टी लावून बसवा. नळी उभी ठेवायला सांगितली ती यासाठीच: झोतातला दोरा आडवा होऊन थरथरतो, झोत सुटला त्याच्यापुढचा सरळ खाली लोंबतो. कोन नुसत्या नजरेने वाचता येतो. सुटायच्या जागेजवळचा दोरा मात्र कधी आडवा, कधी लोंबता असा हेलकावे खातो. झोत प्रक्षुब्ध असल्यामुळे ती जागा एका रेषेत स्थिर राहतच नाही, म्हणून थोडा वेळ पाहून सरासरी धरा. पातळ फट आणि भरपूर वेग असला तर झोत 180 अंशांच्याही पलीकडे जातो. हेअर ड्रायरकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

दाब मोजायचा असेल तर नळीला 1 मिमीचं एकच भोक पाडा. एकच पुरतं, कारण फट जागेवर ठेवून नळी फिरवली की तेच भोक प्रत्येक कोनावर नेता येतं. अर्थात दोरे त्याआधी काढून टाका. भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने साफ करा. कडेला कीस राहिला तर आकडा खोटा येतो. भोकाला आतून पारदर्शक नळी जोडून तिचा पाण्याने भरलेला भाग 1 : 10 उतारावर तिरपा ठेवा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे पाणी नळीला अडखळत नाही.

भोकाशी आणि बाहेरच्या दाबात किती फरक दिसेल याचा हिशेब सोपा आहे: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले फटीची रुंदी, भागिले नळीची त्रिज्या. वेग 15 मीटर प्रतिसेकंद, फट 5 मिमी आणि त्रिज्या 55 मिमी धरली तर सुमारे 25 पास्कल, म्हणजे जेमतेम 2.5 मिमी पाणी. तिरप्या नळीत ते 25 मिमी सरकतं. सुरुवातीला काही अंतर दाब जवळपास तेवढाच कमी राहतो, मग हळूहळू बाहेरच्या दाबाकडे चढतो. भिंतीलगतची मंद हवा या चढापुढे थकते आणि तिथे झोत सुटतो.

मला स्वतःला सुटण्यापेक्षा झोत जाड होण्याची गोष्ट जास्त मोलाची वाटते. सपाट भिंतीवर झोताची अर्धी रुंदी, म्हणजे भिंतीपासून वेग सर्वाधिक वेगाच्या निम्म्यावर येतो तिथपर्यंतचं अंतर, दर मीटरला सुमारे 7 सेंमीने वाढते. पिटो नळीने (झोताच्या समोर तोंड करून धरायची, दाबावरून वेग काढायची बारीक नळी) मोजत असाल तर निम्मा वेग म्हणजे चतुर्थांश दाब, हे विसरू नका. फुगीर पृष्ठभागावर ही वाढ बरीच जास्त असते. झोताच्या बाहेरच्या भागात आतली हवा वेगवान आणि बाहेरची मंद. आतल्या वेगवान हवेचा गोळा चुकून बाहेर फेकला गेला, तर त्याला तिथे वळवून धरायला तिथला दाब कमी पडतो आणि तो आणखीच बाहेर जातो. घुसळण वाढते, बाहेरची हवा जास्त ओढली जाते. भिंतीला अगदी खेटून असलेल्या पातळ थरात नेमकं उलट: तिथे वेग बाहेरच्या दिशेने वाढतो, म्हणून घुसळण दबते.

हे पडताळायला तीच नळी उभी चिरा आणि झोत आतल्या, खोलगट बाजूने सोडा. भोकाशी आता दाब बाहेरच्यापेक्षा जास्त येईल, पाणी उलट सरकेल आणि झोताची बाहेरची कड फुगीर बाजूपेक्षा हळू पसरेल.