प्रथम प्रतिसादक व्हायचंय? पुण्यात कोणता कोर्स घ्यावा, परीक्षेत काय चुकतं

प्रथम प्रतिसादक म्हणजे रुग्णवाहिका पोचेपर्यंत रुग्णाला सांभाळणारा शिकलेला माणूस. अमेरिकेत त्यासाठी ‘इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर’ ही स्वतंत्र पायरी आहे. साधारण ४८ ते ६० तासांचं शिक्षण, मग लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, आणि राष्ट्रीय नोंदणी टिकवायची तर दर २ वर्षांनी नूतनीकरण. आपल्याकडे या नावाचा असा एकच ठरलेला परवाना नाही. वेगवेगळ्या संस्थांची वेगवेगळी प्रमाणपत्रं आहेत. म्हणून चौकशीला निघण्याआधी प्रमाणपत्र कुठे वापरायचंय ते ठरवा.

१. आपलं काम कोणतं, त्यावर कोर्स

चाकण, तळेगाव, भोसरीच्या कारखान्यात काम करत असाल तर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घ्या. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ प्रमाणे दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी लागे आणि ती सांभाळणाऱ्याकडे राज्य शासनाला मान्य असलेलं प्रमाणपत्र असावं लागे; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे, म्हणून सध्याची अट कंपनीकडून विचारून घ्या. सेंट जॉन अँब्युलन्सचं प्रमाणपत्र इथे सर्रास चालतं. त्याची मुदत ३ वर्षांची. नुसतं सीपीआरचं (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याचं) कार्ड दाखवून ही अट भागत नसे.

गणेश मंडळ, सोसायटी किंवा सिंहगड-राजगडाला जाणारा ग्रुप यांनी इंडियन रिससिटेशन कौन्सिलच्या ‘सीओएलएस’पासून (कॉम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट) सुरुवात करावी. यात तोंडाने श्वास द्यायचा नसतो, फक्त छाती दाबायची. सामान्य माणसासाठीच तो बेतलाय. ट्रेकवाल्यांनी पुढे रक्तस्राव, अस्थिभंग आणि सर्पदंश शिकवणारा प्रथमोपचाराचा कोर्सही करावा.

रुग्णालयातले कर्मचारी, रुग्णवाहिकेचे चालक, जिम ट्रेनर यांच्यासाठी ‘बीएलएस’ (बेसिक लाइफ सपोर्ट). अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड २ वर्षं चालतं.

पूर्णवेळ नोकरीच करायची असेल तर ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या ‘बेसिक’ पातळीपासून सुरुवात होते आणि वर्गाबरोबर रुग्णालय व रुग्णवाहिकेतलं कामही असतं. बारावीला विज्ञान लागतंच का, हे संस्थेकडून लेखी घ्या. एक गोष्ट आधीच लक्षात असू द्या: २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ च्या गाड्यांवर चालकाबरोबर डॉक्टर असतो, त्यात बीएएमएस, बीएचएमएस बरेच. ‘कोर्स केला की १०८ मध्ये नोकरी पक्की’ असं कुणी सांगितलं तर तिथेच सावध व्हा. खासगी रुग्णालयांच्या गाड्या, मोठ्या कंपन्यांचे आरोग्य कक्ष, मॅरेथॉनसारखे कार्यक्रम हे जास्त खरे रस्ते.

२. फी भरण्याआधी

एका प्रशिक्षकामागे सहाच्या वर शिकणारे नकोत आणि तिघांमागे एक मॅनिकिन (सरावाचा पुतळा) हवाच. पन्नास जण सभागृहात बसवून, दोन डमींवर मिनिटभर हात लावू देऊन प्रमाणपत्र वाटणारे वर्ग निघतात. त्यात हात तयार होत नाही. बाळाचा मॅनिकिन, सरावाचा एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र), बॅग-मास्क (हाताने पिळून श्वास देण्याची पिशवी आणि मास्क) समोर पाहा. व्हिडिओचा भाग ऑनलाइन करायला हरकत नाही, पण प्रात्यक्षिक समोरासमोरच व्हायला हवं. संस्थेचं जुनं प्रमाणपत्र मागून त्यावरचा कोड पडताळून पाहा.

रुग्णालयात काम असलेला कोर्स असेल तर हेपॅटायटिस-बीची लस लगेच सुरू करा. मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. वर्ग सुरू झाल्यावर जाग आली तर उशीर होतो.

३. परीक्षा

बीएलएसच्या लेखी परीक्षेत २५ प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८४ टक्के, म्हणजे २१ बरोबर. नापास होतात ते बहुधा प्रात्यक्षिकात.

सुरुवात तपासणीपासून. खांदे थोपटून हाक मारा, मदत मागा, मग श्वास आणि नाडी एकाच वेळी पाहा, ५ ते १० सेकंदांत. इथली मोठी चूक म्हणजे माणूस अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास घेतो त्याला ‘श्वास चालू आहे’ समजणं. तो श्वास नव्हे. अशा वेळी नाडी लागली नाही तर लगेच छाती दाबायला घ्या.

दाब छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. खोली ५ ते ६ सेंटीमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०; म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत. कोपरं वाकली की ताकद दंडातून लागते आणि दोन मिनिटांत माणूस थकतो. खांदे हातांच्या बरोबर वर आणा, कमरेतून वजन टाका. वेग १२० च्या पुढे गेला की खोली कमी होते. आणखी एक चूक डोळ्यांना पटकन दिसत नाही: दाबल्यावर हात पूर्ण वर न घेता छातीवर रेलून राहणं. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त नीट भरत नाही, मग पुढचा दाब कमी पडतो. रुग्ण गादीवर असेल तर जमिनीवर घ्या.

३० दाबांनंतर २ श्वास, प्रत्येकी एक सेकंद, छाती उचललेली दिसेल एवढाच. बॅग-मास्क वापरताना नवखे मास्क तोंडावर दाबून धरतात; त्याने हनुवटी खाली जाते आणि श्वासाची वाट बंद होते. जबडा वर ओढून मास्कला भिडवायचा. बॅग जोरात पिळली तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. या सगळ्यात दाब १० सेकंदांहून जास्त थांबता कामा नयेत.

एईडी आला की आधी चालू करा, पुढचं तो सांगतो. छाती ओली असेल तर पुसून पॅड लावा. पालखीच्या दिवसांत हे हमखास करावं लागतं. यंत्र तपासत असताना आणि शॉक देताना कुणाचाही हात रुग्णाला नको. शॉक बसला की नाडी शोधत बसू नका, लगेच पुन्हा दाब.

४. रस्त्यावर

नवले पुलासारख्या उतारावर आधी मागून येणारी वाहनं थांबवा, १०८ लावा, मग रुग्णाकडे जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ए प्रमाणे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. पगारी कर्मचाऱ्याने मात्र हे संरक्षण गृहीत धरू नये. नोकरी देणाऱ्याचा विमा आणि लेखी कार्यपद्धती आधी वाचावी. प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रावर इंजेक्शन किंवा सलाइन देण्याचा अधिकार मिळत नाही, हेही पक्कं असू द्या.

५. मुदत

कार्ड दोन वर्षांचं असलं तरी हात काही महिन्यांतच सैल पडतो. दर तीन महिन्यांनी दहा मिनिटं मॅनिकिनवर काढा; कारखान्यात किंवा मंडळात एक मॅनिकिन सामाईक घेणं परवडतं. नूतनीकरणाच्या तुकडीत मुदत संपायच्या महिनाभर आधी नाव घाला. तारीख उलटली तर बऱ्याच ठिकाणी पूर्ण कोर्स पुन्हा करायला लावतात.