जिल्ह्याचा बेरोजगारीचा दर वापरण्यापूर्वी काय तपासावे

केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून (पीएलएफएस) एखाद्या जिल्ह्याचा बेरोजगारीचा दर काढला, की तो लिहिण्याआधी श्रमशक्तीतली, म्हणजे काम करणारी किंवा काम शोधणारी, किती माणसे नमुन्यात आली ते मोजावे. समजा, ती १,००० आहेत आणि दर ५ टक्के निघाला. साध्या यादृच्छिक नमुन्यात प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे अंदाजात येणारी अनिश्चितता) सुमारे ०.७ टक्के बिंदू येते, पण घरे निवडक गावांतून घेतलेली असतात आणि एका गावातल्या घरांची परिस्थिती सारखी असते, म्हणून प्रचरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) दुप्पट धरले तर ती १ च्या आसपास जाते. म्हणजे खरा दर साधारण ३ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. अशा वेळी ६ टक्क्यांच्या शेजारी जिल्ह्याशी तुलना करून निष्कर्ष काढू नये. जानेवारी २०२५ पासून नमुन्याच्या आखणीत जिल्हा हा मूळ स्तर (ज्यातून नमुना स्वतंत्रपणे निवडतात तो गट) धरला जातो, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांशी जिल्हावार तुलना तर अधिकच जपून करावी.

नमुना वाढवून ही त्रुटी घटते. पुढच्या मात्र घटत नाहीत, आणि माझ्या मते जास्त दिशाभूल त्याच करतात. बीड जिल्ह्यातली ऊसतोडणीची जोडपी दिवाळीच्या सुमारास निघतात ती गळीत हंगाम संपल्यावरच परततात. त्या काळात गावात गेलेल्या प्रगणकाला काही घरांना कुलूप, तर काही घरांत फक्त म्हातारी माणसे भेटतात. भारांक (नमुन्यातले एक माणूस किती जणांच्या जागी धरायचे तो आकडा) लावताना मागे राहिलेल्यांनाच गेलेल्यांचे प्रतिनिधी मानले जाते, म्हणून जिल्ह्याचे आकडे महिन्यांनुसार वेगळे काढून पाहावेत.

उत्तर कोणी दिले हेही पाहावे. "सून काय करते?" या प्रश्नाला सासू "घरीच असते" म्हणते, शेळ्या राखणे, खुरपणीला जाणे तिच्या लेखी काम नसते. चालू साप्ताहिक स्थितीत, म्हणजे गेल्या आठवड्यावरून कामाची स्थिती ठरवण्याच्या पद्धतीत, सात दिवसांत एक तासाचे कामही पुरते, तरीही त्या एका वाक्याने सून श्रमशक्तीबाहेर जाते. स्त्रियांचे दर वापरताना स्वतः दिलेली आणि दुसऱ्याने दिलेली उत्तरे शक्य असेल तिथे वेगळी करावीत.

दराला लोकसंख्येने गुणून संख्या काढताना हद्दीही तपासाव्यात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा तसाच घेतला तर दोन्ही जिल्ह्यांची संख्या चुकते.

नमुना फारच लहान असेल तर १९७९ साली मांडलेले फे-हेरियट प्रतिमान (लहान क्षेत्रांचे अंदाज सुधारण्याची सांख्यिकी पद्धत) वापरता येते. ते कमकुवत अंदाजाला जनगणनेसारख्या पूरक माहितीवरून काढलेल्या अंदाजाकडे ओढते. ती माहिती जुनी असेल, तर गडचिरोलीसारख्या वेगळ्या जिल्ह्याचे वेगळेपणच पुसले जाते. म्हणून प्रत्यक्ष (फक्त नमुन्यावरून काढलेला) अंदाज, प्रतिमानाचा अंदाज आणि दोहोंच्या त्रुटी शेजारीशेजारी छापाव्यात.