बीटलचा ऑटो चोक: कार्बोरेटरला हात लावायच्या आधी हे बघा

सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली तरी फोक्सवॅगनची जुनी बीटल धरत नाही, आणि धरली की काळा धूर सोडत बसते. असं झालं की लोक लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन मिक्स्चरच्या (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाच्या) स्क्रूला भिडतात. नका भिडू, आधी चोक बघा.

कार्बोरेटरचं काम तसं साधंय. इंजिन हवा ओढतं, ती अरुंद गळ्यातून जाताना वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या ओढीने फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून वर येऊन हवेत फवारलं जातं. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. पण इंजिन थंड असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) आतल्या भिंतींनाच चिकटतं, मग जास्त सोडावं लागतं. चोक म्हणजे गळ्याच्या तोंडाशी बसवलेली झडप, ती मिटली की हवा अडते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. पद्मिनी-अँबेसेडरला हे हाताने, नॉब ओढायचा आणि गरम झाल्यावर आठवणीने आत ढकलायचा (बरेचदा विसरायचाच).

बीटलला १९६१ मॉडेलपासून हे काम कार्बोरेटरच्या बाजूची गोल डबी करते. आत दोन धातूंची पट्टी गुंडाळून केलेली स्प्रिंग असते, थंड असताना ती झडप मिटवते, तापली की उघडू देते. तापवायला छोटा हीटर, त्याची वायर इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवरून येते, म्हणजे चावी ऑन केली की चालू. सोबत चोकच्या झडपेला जोडलेला पायऱ्यांचा कॅम, तो थ्रॉटल (एक्सलेटरने उघडणारी खालची झडप) जरा उघडा धरतो म्हणून थंड गाडी थोडी रेसमध्ये चालते. गंमत अशी की थ्रॉटल या पायरीवर टेकून बसला असेल तर चोक मिटतच नाही! म्हणून सेल्फ मारायच्या आधी एक्सलेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा. एकदाच हं, पंप करत बसलात तर दर वेळी पेट्रोलची पिचकारी उडते आणि प्लग भिजतात.

आता तपासणी. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात बरी. एअर फिल्टर काढा, एक्सलेटर एकदा दाबा, झडप मिटली पाहिजे. मिटली नाही तर बोटाने हलवून बघा, अडखळत असेल तर दांड्याला कार्बोरेटर क्लीनर मारा, ऑइल नको, त्यावर धूळ बसते. मग हीटर. चावी ऑन ठेवून वाट बघत बसू नका, इंजिन बंद असताना कॉइल तापते, त्यापेक्षा डबीची वायर काढून डबीवरच्या टोकाला बॅटरीतून थेट करंट द्या. काही मिनिटांत झडप हळूहळू उघडायला हवी. उघडली तर डबी चांगली आहे आणि गाडीतल्या वायरला करंट येतोय का ते टेस्टरने बघायचं, नाही उघडली तर हीटर गेला.

सेटिंग करायचं तर डबी धरून ठेवणाऱ्या रिंगचे तीन स्क्रू सैल करा, डबी फिरवत झडपेकडे बघा, थंड असताना जेमतेम मिटेल तिथे थांबा आणि कसा. डबी काढून परत बसवताना स्प्रिंगचं आकड्यासारखं टोक आतल्या लिव्हरमध्ये अडकलंय ना हे नक्की बघा, ते सुटलं तर डबी कितीही फिरवा, झडपेला पत्ताच नसतो.

गाडी चालू होऊन लगेच धूर काढत बंद पडते? मग व्हॅक्यूमचा पडदा तपासा. इंजिन धरल्या धरल्या झडप किंचित उघडायचं काम त्याचं, फाटला की इंजिन पेट्रोलमध्ये बुडतं.

नवीन डबी घेताना व्होल्टेज विचारा. १९६७ च्या सुमारास बऱ्याच बीटल ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. १२ ची डबी ६ च्या गाडीत लावली तर चोक उघडायला फार वेळ लागतो आणि तोवर गाडी नुसती पेट्रोल पिते.