आधी पावसाची चौकशी, मग वल्हं

ह्यूस्टनला आल्यावर पहिले सहा महिने मी बायूला नालाच समजत होतो. ऑफिसच्या वाटेवर रोज ब्रेज बायू लागायचा. सिमेंटचे उतरते काठ, तळाशी घोटाभर पाणी, आणि त्यात उलटी पडलेली कुठल्यातरी दुकानाची ढकलगाडी. मी चिपळूणचा. वाशिष्ठी बघत वाढलेल्या माणसाच्या जिभेवर याला नदी म्हणणं येईना. आईने फोनवर विचारलं, "नदीबिदी आहे का रे तिकडे?" मी म्हटलं, "गटारं आहेत, मोठाली." पुढे एका शनिवारी ऑफिसातल्या एकाने मला बफेलो बायूवर कनूत, म्हणजे वल्ह्याच्या उघड्या लांबट होडीत, बसवलं. त्या रात्री आईला फोन करून शब्द मागे घेतला.

नवीन आलेली मंडळी मला गाडीचं लायसन्स, क्रेडिट हिस्टरी, मुलांची शाळा, कढीपत्ता कुठे मिळतो असं सगळं विचारतात. पाण्याबद्दल कुणी विचारत नाही. मग दोन वर्षं शनिवार-रविवार मॉल आणि पॉटलकमध्ये जातात आणि "ह्यूस्टनमध्ये बघण्यासारखं काही नाही" हे ठरून जातं. म्हणून न विचारता सांगतोय.

बायू हा शब्द मुळात चोक्टॉ या आदिवासींच्या भाषेतला, लुइझियानातल्या फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत आलेला. इथली जमीन इतकी सपाट की पाण्याला कुठे जायची घाईच नाही. आपल्या भाषेत बसवायचं तर वरच्या अंगाला ओढा आणि खालच्या अंगाला खाडी, मध्ये कुठे एकाचं दुसरं होतं ते कळत नाही. हे शहरच बायूच्या काठी वसलं: 1836 साली ॲलन बंधूंनी जिथे जागा घेतली, तो व्हाइट ओक आणि बफेलो बायूचा संगम आज डाउनटाउनमध्ये ॲलन्स लँडिंग म्हणून ओळखला जातो.

व्हाइट ओक आणि ब्रेज हे बायू पुराच्या भीतीने सरळ करून सिमेंटने बांधून काढले. बफेलो बायूचीही तीच गत व्हायची होती. 1960च्या दशकात टेरी हर्शी नावाच्या बाईंनी आणि काठावरच्या रहिवाशांनी विरोध केला, तेव्हाचे काँग्रेसमन आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश यांना आपल्या बाजूला वळवलं आणि त्या कामाचा पैसा अडवला. म्हणून आज मेमोरियल पार्कच्या बाजूने जाताना दोन्ही काठांची झाडं डोक्यावर कमान धरतात आणि फ्रीवे दोन मिनिटांवर आहे हे खरं वाटत नाही. पश्चिमेला हायवे 6 पासून सुरू होणारा हा 26 मैलांचा वल्ह्यांचा मार्ग राज्याच्या पार्क खात्याच्या यादीत आहे. दर वसंतात यावर शर्यत होते, 15 मैलांची. 1972पासून चालू आहे. एकदा काठावर उभं राहून बघा. हौशी लोक काय काय पोशाख करून येतात!

आता मुद्द्याचं. इथे पहिल्यांदा शिकायची ती पावसाची चौकशी, वल्हं मारणं नंतर. तुमच्या अंगणात ऊन असेल, पण काल रात्री वरच्या अंगाला, पश्चिमेच्या केटीकडे तीन इंच कोसळला असेल तर आज खाली बफेलो बायूला ओढ असते. शिवाय पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर असे दोन जलाशय आहेत. 1929 आणि 1935च्या पुरांनंतर आर्मीच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सनी ते 1940च्या दशकात बांधले. एरवी ते जवळजवळ कोरडे, आत बागा आणि खेळाची मैदानं. मोठा पाऊस झाला की दारं लावून पाणी धरून ठेवतात आणि मग दिवसच्या दिवस बेताबेताने बायूत सोडतात. त्यामुळे पाऊस थांबून चार दिवस झाले, आभाळ स्वच्छ आहे, तरी बायू जोरात वाहत असू शकतो. चिपळूणला पावसाळ्यात "कोळकेवाडी धरणाचं पाणी सोडलंय का?" हे विचारल्याशिवाय बाजारपेठेतला दुकानदार रात्री निर्धास्त झोपत नाही. तीच सवय इथे लावून घ्या. 2017च्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळ आलं तेव्हा या जलाशयांतून सोडलेल्या पाण्याने बायूकाठची घरं भरली. जुन्या रहिवाशाशी बोलताना हा विषय जपून काढा.

हॅरिस काउंटीच्या पूरनियंत्रण विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक बायूच्या पुलापुलाशी पाण्याची पातळी आणि गेल्या काही तासांतला पाऊस दिसतो. पहिल्या दिवशी त्या आकड्यांचा काही अर्थ लागणार नाही. माझा उपाय असा: तुम्हाला जायचंय त्या टप्प्यातला एकच पूल निवडा आणि दोन-तीन आठवडे सकाळच्या चहाबरोबर तेवढाच आकडा बघत जा. कोरड्या आठवड्यात तो कुठे असतो हे डोक्यात बसलं की चढलेलं पाणी आपोआप खटकतं. आणि जोराचा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस उतरूच नका, पातळी कमी दिसली तरी. सगळ्या शहराची घाण धुऊन बायूत आलेली असते. पायाला जखम असेल तर आणखी थांबा. खाण्याआधी हात धुवा, बायूच्या पाण्यात नव्हे.

हे मी ऐकून शिकलो नाही. दुसऱ्या वर्षी भाड्याची कयाक, म्हणजे अरुंद, बुटकी होडी, घेतली, देणाऱ्याने "काही होत नाही" म्हटलं, मीही मान डोलावली. वळणापलीकडे एक मोठं झाड पाण्यात आडवं पडलेलं. फांद्यांमधून पाणी आरपार जातं, होडी जात नाही. गाळण्यात चहाची पत्ती अडकावी तसा मी अडकलो. कयाक प्रवाहाच्या बाजूला कलली, क्षणात भरली. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून काठाला लागलो. फोन, चष्मा आणि एक बूट गेला. उरलेला एकच बूट घालून हिरवळीवरून गाडीपर्यंत चालत गेलो, तेव्हा कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजोबांनी फार सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. तेव्हापासून नियम: पुढे झाड आडवं दिसलं की लांबूनच काठ गाठायचा, उतरायचं, होडी उचलून पलीकडे न्यायची. त्यात कमीपणा नाही.

"मला पोहता येतं" असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. म्हणजे लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून उड्या मारलेल्या असतात. विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं हो. टेक्ससच्या कायद्याने कनू-कयाकमध्ये माणशी एक मान्यताप्राप्त लाइफ जॅकेट असलंच पाहिजे आणि 13 वर्षांखालच्या मुलांनी ते घातलंच पाहिजे. मोठ्यांनी घालावंच असा कायदा नाही, म्हणून बरेच जण ते पायाशी ठेवतात. तुम्ही घाला. बंद करून घाला. जॅकेटला एक शिट्टी अडकवा.

कुठून सुरुवात करायची? सरळ बायूवर नको. उत्तरेकडे राहत असाल तर वुडलँड्सचं तळं बरं. लहान, शांत, कयाक भाड्याने मिळतात आणि बुडालात तर बघायला माणसं असतात. लेक ह्यूस्टन आणि लेक कॉनरो सुरुवातीला टाळा. नावात तळं असलं तरी दोन्ही धरणांचे मोठे जलाशय आहेत. दुपारनंतर वारा उठतो आणि मोटरबोटींच्या लाटा कयाकला आडव्या घेतात.

माझी आवडती जागा मात्र आर्मंड बायू. पॅसाडेनाच्या बे एरिया पार्कमधून होडी पाण्यात घालता येते. नासाचं केंद्र जवळ, पण पाण्यावर गेलात की त्याचा मागमूस नाही. या बायूला सरळ करणं, सिमेंट घालणं जवळजवळ झालंच नाही. प्रवाह नसल्यासारखाच, त्यामुळे जिथून निघालात तिथेच परत येता येतं. पाणी निमखारं, भरती-ओहोटीचं. कोकणातल्या माणसाला वासावरूनच कळेल. एक मात्र इथलं वेगळं. हिवाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा सुटला की तो उपसागराचं पाणीच बाहेर ढकलतो आणि भरतीच्या वेळापत्रकाला न विचारता चिखल उघडा पडतो. अशा दिवशी गेलात तर गुडघाभर गाळातून होडी ओढत आणाल. पक्षी म्हणाल तर बगळ्यांचे चार-पाच प्रकार, पाणकावळे, खंड्या, मीन घार आणि नशीब असेल तर चमच्यासारख्या चोचीचा गुलाबी चमच्या. हो, मान पांढरट, बाकी पक्षी गुलाबी. आपल्याकडचा चमच्या पांढरा असतो, याला पहिल्यांदा पाहून माझी मुलगी म्हणाली होती की कुणीतरी रंगपंचमी खेळलंय.

आणि मगरी. सगळे हेच आधी विचारतात. इथला प्राणी ॲलिगेटर, नाकाड रुंद, स्वभावाने वाशिष्ठीतल्या मगरीपेक्षा पुष्कळ मवाळ. आर्मंड बायूवर ऊन खात पडलेला दिसेल. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका, तो बहुधा पाण्यात सरकून नाहीसा होईल. काठावर गवताचा ढीग आणि आसपास पिल्लं दिसली तर मात्र तिथून निघाच, आई जवळ असते. त्यांना खायला घालणं गुन्हा आहे. पोळीचा तुकडासुद्धा नाही. खरं सांगायचं तर मला त्यांच्यापेक्षा काठावरच्या लाल मुंग्यांची भीती वाटते. मातीचा निरुपद्रवी ढिगारा दिसतो, त्यावर पाय पडला की आठवडाभर खाजवत बसायचं. तीन-तीन पानांची पॉइझन आयव्हीही तशीच. ती ओळखायला आधी शिका.

काठावर कुठेही उतरू नका, हेही नवीन माणसाला कुणी सांगत नाही. पाणी सगळ्यांचं, काठ मालकाचा. झाडाच्या खोडावर जांभळ्या रंगाचा पट्टा दिसला तर तो सजावटीसाठी नाही, टेक्ससमध्ये त्याचा अर्थ "आत येऊ नका".

हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. जून ते सप्टेंबर जायचंच असेल तर उजाडताना उतरा आणि दहाच्या आत बाहेर या. नंतरचं ऊन आणि दमटपणा माणसाला नकळत आडवा करतो. दुपारी ढग जमतात, गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर. जीन्स नको, सुती कपडे नकोत, स्लिपर तर नकोच, चिखल त्या ओढून घेतो. पाणी वाटेल त्याच्या दुप्पट घ्या. आम्ही कोकम सरबतात जरा जास्त मीठ घालून नेतो, आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. त्या भिजल्या तरी खाता येतात, सँडविचचं तसं नाही.

पहिल्याच महिन्यात होडी विकत घेऊ नका. अपार्टमेंटमध्ये ती कुठे ठेवणार? गाडीच्या टपावर बांधायची कशी? चार-पाच वेळा भाड्याची घ्या, मग ठरवा. नवरा-बायको मिळून जाणार असाल तर सुरुवातीला वेगवेगळ्या कयाक बऱ्या. कनूत मागचा माणूस सुकाणू सांभाळतो आणि पुढचा वेग ठरवतो, पण प्रत्यक्षात पुढचा मागे वळून सूचना देत राहतो. देशातून आई-बाबा आले असतील तर कनूच घ्या. मधल्या जागेत त्यांना नीट बसवता येतं. आधी त्यांच्या प्रवास विम्याचा कागद वाचून ठेवा.

अंगात बळ आलं की लांबचे बेत करा. लंबर्टनजवळच्या व्हिलेज क्रीकला पांढऱ्या वाळूचे काठ आहेत, जेवायला थांबण्यासारखे. लुइझियानाच्या सीमेवरच्या कॅडो लेकला मात्र रात्रीचा मुक्काम हवा. पाण्यात उभी सायप्रसची झाडं, त्यांवर लोंबणाऱ्या राखाडी जटा, आणि नोव्हेंबरात सगळं तांबूस. तिथे पाणवाटांवर नंबरांच्या पाट्या आहेत, त्या सोडू नका. दोन झाडांमागे गेलं की सगळ्या दिशा सारख्या. परतताना होडी पुसून कोरडी करा. जायंट साल्व्हिनिया नावाचं तरंगतं शेवाळासारखं तण एका तळ्यातून दुसऱ्यात नेणं कायद्याने बंद आहे, आणि त्याचा एक तुकडाही पुरतो.

बफेलो बायूला जाल तेव्हा एकदा संध्याकाळी वॉ ड्राइव्हच्या पुलाकडे या. पुलाच्या फटींत हजारो वटवाघळं राहतात आणि मावळतीला धुराच्या लोटासारखी बाहेर पडतात. कयाकमधून वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा.

हा बायू एकाच दिशेने वाहतो, म्हणून दोन गाड्या लागतात. आधी दोन्ही घेऊन उतरायच्या ठिकाणी जायचं, एक तिथे ठेवायची. मग सगळ्यांनी दुसरीत बसून होड्यांसह वर यायचं आणि पाण्यात उतरायचं. दोन-तीन तासांनी खाली पोचलात की तिथली गाडी हजर. फक्त वरून निघताना तिची चावी कुणाच्या खिशात आहे ते मोठ्याने विचारा. आमच्या एका खेपेला ती वरच्या गाडीच्या कपहोल्डरमध्ये राहिली होती. ओले कपडे, चिखलाचे पाय आणि दोन कयाक घेऊन आम्ही चौघं टॅक्सीला हात करत होतो, आणि प्रत्येक टॅक्सीवाला जवळ येऊन, नीट बघून, पुढे जात होता.